आपत्कालीन खरेदी (सार्वजनिक संस्था)

जीवित, मालमत्ता किंवा अत्यावश्यक सेवा अचानक धोक्यात आली असता सार्वजनिक संस्थेने नेहमीची निविदा प्रक्रिया वगळून अथवा संक्षिप्त करून केलेल्या खरेदीस आपत्कालीन खरेदी म्हणतात. भारतात जाहीर निविदा हा नियम, तर अशी खरेदी हा अपवाद मानला जातो. नगर निगम मेरठ विरुद्ध अल फहीम मीट एक्स्पोर्ट्स (२००६) या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने नैसर्गिक आपत्तीसारख्या दुर्मीळ प्रसंगांपुरताच हा अपवाद मान्य केला.

कायदेशीर तरतुदी

केंद्र शासनाच्या सर्वसाधारण वित्तीय नियम, २०१७ नुसार जाहीर निविदेस सामान्यतः किमान तीन आठवड्यांची मुदत द्यावी लागते. तेवढा अवधी नसल्यास नियम १६२ अन्वये निवडक पुरवठादारांकडून मर्यादित निविदा मागवता येते. नियम १६६ नुसार, कारणे नोंदवून व सक्षम अधिकाऱ्याची मान्यता घेऊन, एकाच पुरवठादाराकडूनही खरेदी करता येते. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम, २००५ चे कलम ५० याहून पुढे जाते. बचाव व मदतकार्यासाठी राष्ट्रीय, राज्य किंवा जिल्हा प्राधिकरणाने तातडीच्या खरेदीचा अधिकार दिल्यास निविदेची अट शिथिल झाल्याचे मानले जाते. हिशेब मात्र माफ होत नाही. नियंत्रक अधिकाऱ्याचे विनियोग प्रमाणपत्र लेख्यांसाठी वैध प्रमाणक ठरते.

समर्थनीयता

नियम १६२ नुसार तातडीचे स्वरूप नोंदवणे पुरेसे नाही. गरजेचा अंदाज आधी का आला नाही, हेही लिहावे लागते. बहुतेक प्रकरणांत खरी कसोटी या दुसऱ्या नोंदीतच असते. रुग्णालयातील प्राणवायूची टाकी अकस्मात निकामी होणे ही आपत्ती होय. प्राणवायू पुरवठ्याचा करार संपणे ही आपत्ती नव्हे, कारण त्याची अंतिम तारीख करारावरच लिहिलेली असते. मार्चअखेर निधी परत जाण्याची भीती तर तातडीच्या व्याख्येत मुळीच बसत नाही.

अडचण अशी की, करार प्रशासनाच्या दिरंगाईने संपला तरी रुग्णाची गरज तितकीच खरी असते. तेथे खरेदी नाकारणे म्हणजे कार्यालयाच्या चुकीची शिक्षा रुग्णाला देणे होय. अशा वेळी नियमित निविदा पूर्ण होईपर्यंत पुरेल एवढाच साठा घेणे, मागील खरेदीच्या दराशी तुलना करणे आणि विलंबाची जबाबदारी स्वतंत्रपणे निश्चित करणे हा ग्राह्य मार्ग ठरतो. वर्षभराचा साठा एकदम घेतल्यास तातडीचे कारण लेखापरीक्षणात टिकणे कठीण असते.