शिरीष पै यांचा मराठी हायकू

प्रस्तुत लेखात शिरीष पै (१९२९–२०१७) यांनी मराठीत रुजविलेल्या हायकूच्या रचनेचा विचार केला आहे. आचार्य अत्रे यांच्या या कन्येने विसाव्या शतकाच्या आठव्या दशकात हा जपानी काव्यप्रकार मराठीत आणला. अत्र्यांच्या वक्तृत्वाने दुमदुमलेल्या घरातून इतकी अल्पाक्षरी कविता यावी, हे नवलच. 'ध्रुवा' हा त्यांचा हायकूसंग्रह.

जपानी हायकूत ५-७-५ अशा सतरा ध्वनिघटकांची मोजणी असते. तेथे दीर्घ स्वराचे दोन घटक धरतात; म्हणून आपल्याकडे तीन अक्षरांत लिहिल्या जाणाऱ्या 'टोकियो'चे जपानीत चार घटक होतात. हे गणित मराठी अक्षरांवर लादणे व्यर्थ होते. पै यांनी ते सोडले, तीन ओळी राखल्या आणि मूळ प्रकारात नसलेले यमक बहुधा दोन ओळींत योजले. मराठी कानाला ते सवयीचे. परंतु यमक जुळताच कविता सुभाषितासारखी मिटण्याचा धोका असतो. पुढील अनेक अनुकरणांत तो खरा ठरला. तेथे हायकू म्हणजे एक ओळ गाळलेली चारोळीच वाटते. पै यांच्या उत्तम रचनांत मात्र तिसरी ओळ भाष्य करीत नाही. ती आणखी एक दृश्य समोर ठेवून थांबते.