प्रसिद्धीच्या कामाचा मेहनताना

महाडास महाशिवरात्रीच्या सुमारास वीरेश्वराचा छबिना निघतो. ६ जून रोजीं शिवराज्याभिषेकाच्या स्मरणार्थ रायगडावर लोक लोटतात. पोलादपूरकडील गांवांतून शिमग्यापासून वैशाखापर्यंत जत्रा, सामने व नाटकें चालतात. अशा समारंभांची वार्ता लोकांपर्यंत पोंचविणें हा एक स्वतंत्र धंदा आहे. मजकूर लिहिणें, फलक करवून घेणें, मोबाइलवरून चित्रफिती पाठविणें, ध्वनिक्षेपक लावलेली रिक्षा फिरविणें, हीं त्यांतील कामें. मेहनताना ठरवितांना मात्र धंदेवाईकाच्या हातून एक जुनीच चूक होते: तो समारंभाचा दिवस मोजतो, स्वतःचें वर्ष मोजीत नाहीं.

या भागांत वर्ष मोजणें विशेष अगत्याचें आहे. जून ते सप्टेंबर येथें मुसळधार पाऊस पडतो, आणि गणेशोत्सवासारखे प्रसंग सोडल्यास समारंभ विरळ होतात. प्रपंच बारा महिने चालतो. समजा, एका कुटुंबास वर्षाला २,४०,००० रुपये लागतात. फोन, पेट्रोल, दुरुस्ती इत्यादि धंद्याच्या खर्चास आणखी ६०,०००. या ३,००,००० रुपयांना ३६५ नीं भागल्यास दिवसाचे सुमारें ८२२ रुपये येतात. आंकडा वाजवी दिसतो. परंतु पैसे मिळतील असे दिवस वर्षांत १२० च असतील, तर खरा दर २,५०० रुपये होतो. या दोहोंतील अंतर श्रावणांत धान्याच्या डब्यांत दिसून येतें.

शिवाय समारंभ एका दिवसाचा असला तरी काम एका दिवसाचें नसतें. मजकुरास एक दिवस, फलक व ध्वनिक्षेपक यांच्या परवानग्यांस एक, वाड्यावस्त्यांवर फिरण्यास एक आणि प्रत्यक्ष समारंभाचा एक, असे चार दिवस धरल्यास मेहनताना १०,००० रुपये होतो. छपाई, रिक्षाचें भाडें व परवानगीचें शुल्क हे खर्च त्यांत मिसळूं नयेत. ते निराळे मांडले म्हणजे घासाघीस झालीच तर फलक कमी करतां येतात. दर कमी करावा लागत नाहीं.

गर्दीवर मेहनताना बेतण्याचा मोहही आवरावा. पाऊस, शेतीचीं कामें, एस.टी.च्या फेऱ्या यांपैकीं कांहींच त्याच्या हातीं नसतें. २२ जुलै २०२१ रोजीं सावित्रीचा पूर महाडच्या बाजारपेठेंत शिरला. ठरलेलें कार्य रद्द होणें म्हणजे काय, हें या गांवास शिकवावें लागत नाहीं. म्हणून निम्मी रक्कम कामापूर्वीं घ्यावी, आणि कार्य रद्द झाल्यास झालेल्या दिवसांचें मोल व झालेला खर्च परत मिळणार नाहीं, असें लेखी ठरवावें.

राहतां राहिलें गांवच्या देवाचें काम. तेथें पूर्ण दर मागणें अवघड, आणि फुकट करणें परवडणारें नाहीं. अशा वेळीं बिलावर पूर्ण रक्कम लिहून तीखालीं सूट स्पष्ट दाखवावी. देवास दिलेलें देवास पावतें, आणि पुढील वर्षीं दुसरा यजमान त्या सवलतीस दर समजत नाहीं.