किनाऱ्यावर मुक्काम? आधी घराची हवा पाहा

अलिबाग, काशीद, गुहागर, तारकर्ली... दोन दिवसांची सुट्टी आली, की समुद्रकिनारी बंगला भाड्याने घेणे आता नेहमीचे झाले आहे. मोबाइलवर फोटो पाहताना नजर जाते ती पोहण्याच्या तलावाकडे आणि समुद्राच्या बाजूच्या मोठ्या काचेकडे. मुक्काम सुखाचा होणार की त्रासाचा, हे मात्र बरेचसे त्या घरातून वारा कसा खेळतो यावर ठरते.

घाम येतो, पण वाळत नाही

शरीर थंड होते ते घाम येण्याने नव्हे, तर तो वाळण्याने. एक लिटर घाम त्वचेवरून वाळला, तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता शरीराबाहेर जाते. किनाऱ्यावरील हवेत आधीच भरपूर बाष्प असल्याने घाम नुसता ओघळतो. म्हणून पुण्यात सोसवणारे ३३ अंश तापमान अलिबागला नकोसे होते. लहान मुले, वृद्ध आणि हृदयविकाराचे रुग्ण यांना हा उकाडा अधिक बाधतो. वारा लागला की त्वचेलगतची दमट हवा हटते आणि घाम लवकर वाळतो.

हा वारा निसर्ग फुकट देतो. दिवसा जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते, तिच्यावरील हवा हलकी होऊन वर जाते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरून वारा येतो. रात्री जमीन लवकर निवते आणि वारा उलट, जमिनीकडून समुद्राकडे वाहू लागतो. मात्र तो घरात शिरायला एक खिडकी पुरत नाही; बाहेर पडायला समोरच्या भिंतीतही वाट लागते. कोकणातल्या जुन्या घरांत पुढचे आणि मागचे दार बहुधा एका रेषेत असते, ते उगाच नव्हे. उतरते कौलारू छप्पर आणि भोवतालची पडवी भिंतींवर थेट ऊन पडू देत नाहीत.

कोकणात समुद्र पश्चिमेला आहे. त्यामुळे 'सी व्ह्यू'ची काच दुपारपासून मावळतीपर्यंत ऊन झेलते. काचेतून ऊन सहज आत येते. तापलेल्या फरशीची आणि भिंतींची उष्णता मात्र तितक्या सहज बाहेर पडत नाही. काचेबाहेर खोल पडवी किंवा झडप नसेल, तर खोलीची भट्टी होते.

कुबट वास आणि गॅस गिझर

बरेच बंगले आठवडाभर बंद असतात. कोंडलेल्या दमट हवेत गाद्या, पडदे आणि एसीच्या जाळीवर बुरशी धरते. दार उघडताच येणारा कुबट वास ही तिचीच खूण. दमा किंवा ॲलर्जी असलेल्यांना अशा खोलीत रात्री खोकला, धाप किंवा शिंका सुरू होऊ शकतात.

याहून मोठा धोका बंद न्हाणीघरातील गॅस गिझरचा. हवा अपुरी पडली की गॅस नीट जळत नाही आणि कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला ना रंग, ना वास. रक्तातील हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशेहून अधिक पट घट्ट चिकटतो. डोके दुखणे, मळमळणे, चक्कर येणे ही सुरुवातीची लक्षणे. पुढे शुद्ध हरपते आणि जीवही जाऊ शकतो. खाऱ्या हवेने लोखंडी नळ्या लवकर गंजतात, हेही विसरू नये. कोणाला असा त्रास झाल्यास त्याला तातडीने मोकळ्या हवेत आणावे, गॅस बंद करावा आणि १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी.

बुकिंगपूर्वी मालकाला चार प्रश्न विचारावेत. झोपण्याच्या खोलीत समोरासमोर खिडक्या आहेत का? त्यांना डासांची जाळी आहे का? पश्चिमेच्या काचेवर सावली आहे का? गिझर विजेचा आहे की गॅसचा आणि गॅसचा असल्यास तो न्हाणीघराबाहेर बसवला आहे का? पोहोचल्यावर सामान लावण्याआधी सगळी दारे-खिडक्या उघडाव्यात आणि अर्धा तास वारा खेळू द्यावा. तेवढ्याने कुबट वास गेला नाही, तर दुसरी खोली मागून घ्यावी.