गोंड राजांची बखर लिहिणारा बिशप

पूर्वाश्रमीच्या नर्स सारा मुलाली कँटरबरीच्या आर्चबिशप होणार, ही घोषणा ३ ऑक्टोबर २०२५ रोजी झाली आणि जगभरच्या अँग्लिकन मंडळींत खळबळ उडाली. काहींनी नाकं मुरडली. या अँग्लिकन परंपरेचा एक धागा नागपूर जिल्ह्यातही सापडतो.

याच जिल्ह्यातलं खापरखेडा म्हटलं की वीज केंद्राची धुराडी आठवतात. पण इथला रस्ता सावनेरवरून छिंदवाड्याकडे, देवगडच्या गोंड राजांच्या मुलखात जातो. याच घराण्यातल्या बख्त बुलंदने नागपूर वसवलं. देवगड, गढा-मंडला, चांदा, खेरला या गोंड राज्यांची एकत्रित हकिकत १९१६ साली ‘द स्टोरी ऑफ गोंडवाना’ या इंग्रजी पुस्तकात आली. लेखक कोण? नागपूरचे पहिले बिशप, आयर चॅटर्टन!

जन्म १८६३चा, माणूस आयरिश. डब्लिन विद्यापीठाच्या मिशनतर्फे आधी हजारीबागला काम केलं, मग १९०३ ते १९२६ नागपूरची गादी सांभाळली. मध्य प्रांत, वऱ्हाड आणि थेट राजपुताना एवढा मोठा धर्मप्रांत. या फिरस्तीत एखाद्याने प्रवचनांचे संग्रह काढले असते; चॅटर्टन गढा-मंडल्याच्या राणी दुर्गावतीकडे आणि पडक्या किल्ल्यांकडे वळले. साम्राज्यावरची त्यांची श्रद्धा लपत नाही, हे खरं. तरी सरकारी गॅझेटियरपेक्षा त्यांचं पुस्तक कितीतरी वाचनीय आहे.

त्यांच्यानंतर गादीवर आले अ‍ॅलेक्स वुड, आणि त्यांची गाठ पडली व्हेरिअर एल्विन या तरुण पाद्र्याशी. एल्विन स्वतः बिशपचा मुलगा. वडील सिएरा लिओनचे बिशप होते. पुण्याच्या ख्रिस्त सेवा संघातून गांधीजींच्या प्रभावाखाली आलेला हा तरुण १९३२ साली श्यामराव हिवाळे या मराठी मित्रासह मंडला जिल्ह्यातल्या करंजियाला गोंडांमध्ये राहायला गेला. धर्मविधी करायला बिशपचा परवाना लागे आणि वुडसाहेबांची अट होती राजनिष्ठेच्या शपथेची. एल्विनने ती घेतली नाही. प्रभूभोजनाच्या विधीसाठी सम्राटाची हमी कशाला, हे कोडं आजही सुटत नाही.

१९३५ साली एल्विनने चर्च सोडलं. त्याच वर्षी हिवाळ्यांसोबतचा त्याचा गोंड लोकगीतांचा संग्रह छापून आला.

चॅटर्टन १९५० साली वारले. पुढे २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरातच, सदरच्या ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये, अँग्लिकनांसह सहा चर्च एकत्र येऊन ‘चर्च ऑफ नॉर्थ इंडिया’ स्थापन झालं. नागपूरचे बिशप आता त्या चर्चचे असतात.