इडीमा, शोफ आणि आपली सूज

दवाखान्यातून घरी परतताना रुग्णाच्या हाती जो कागद पडतो, त्यावर 'पेडल इडीमा' असे दोन शब्द पुष्कळदा आढळतात. घरातील इंग्रजी शिकलेला मुलगाही तेथे अडखळतो, आणि हे एखाद्या भयंकर रोगाचे नाव असावे अशा समजुतीने सारे घर काळजीत पडते. वस्तुतः ते रोगाचे नावच नव्हे. 'पेडल' म्हणजे पायाचा आणि 'इडीमा' म्हणजे सूज. मात्र कोणतीही सूज नव्हे, एका विशिष्ट जातीची सूज. ही जात ओळखता आली म्हणजे लेप लावावयाचा की वैद्याकडे धाव घ्यावयाची, याचा निर्णय पुष्कळ सोपा होतो.

शब्द मूळचा ग्रीक. फुगणे, सुजणे या अर्थाच्या ग्रीक धातूपासून तो निघाला. शोकांतिकेचा नायक जो ईडिपस राजा, त्याच्या नावाचा अर्थही 'सुजलेल्या पायांचा' असाच आहे. तान्हेपणी घोटे टोचून त्याला डोंगरावर टाकून दिले होते, अशी कथा आहे. आपल्याकडे संस्कृतात 'श्वि' हा फुगण्याच्या अर्थाचा धातू आहे. त्यापासून 'श्वयथु' म्हणजे सूज, 'शून' म्हणजे सुजलेला, आणि गंमत अशी की याच 'शून'पासून 'शून्य' हा शब्द साधतात. जे बाहेरून फुगलेले ते आतून पोकळ, हे आपल्या पूर्वजांनी गणिताच्या आधी शब्दातच नोंदवून ठेवले होते, असे म्हणावयास हरकत नाही.

अमरकोशात शोफ, श्वयथु आणि शोथ हे तिन्ही शब्द एकाच अर्थाचे म्हणून दिले आहेत. पुढे मराठी विश्वकोशाचे काम सुरू झाले तेव्हा आधुनिक वैद्यकाला दोन वेगळे शब्द हवे होते. तेथे 'इन्फ्लमेशन'साठी शोथ, म्हणजे दाहयुक्त सूज, आणि 'इडीमा'साठी शोफ, म्हणजे द्रवयुक्त सूज, अशी वाटणी झाली. विश्वकोशाचा पहिला खंड १९७६ मध्ये निघाला. त्याचे प्रमुख संपादक तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी हे आपल्याच खानदेशातील, धुळे जिल्ह्यातल्या पिंपळनेरचे. तेव्हा या शब्दांवर आपला थोडा अधिक हक्क आहे. वाटणी शास्त्राला धरून आहे यात संशय नाही. परंतु एका अक्षराने वेगळे असलेले दोन शब्द सामान्य माणसाच्या जिभेवर आणि ध्यानात राहतील, हे मला कठीण दिसते. त्यापेक्षा 'पाण्याची सूज' हा घरगुती शब्द अधिक कामाचा आहे.

काटा रुतून बोट सुजते, दाढ सुजते, तेव्हा ती जागा लाल होते, गरम लागते, ठणकते. लाली, सूज, उष्णता आणि वेदना ही चार लक्षणे सेल्सस नावाच्या रोमन लेखकाने पहिल्या शतकातच सांगून ठेवली आहेत. त्यातील सुजेला त्याचा लॅटिन शब्द होता 'ट्यूमर', ज्याने आज गाठ समजून आपल्या छातीत धस्स होते! पाण्याच्या सुजेचे तसे नाही. ती बहुधा लाल नसते, फारशी ठणकत नाही, आणि बोटाने दाबून धरले तर खळगा पडतो व तो सावकाश भरून येतो. या खळग्यालाच डॉक्टर 'पिटिंग' म्हणतात. ही परीक्षा विलायतेहून आली असे मात्र कोणी समजू नये. दाबल्यावर चटकन वर येणारी व दिवसा जोर करणारी ती वाताची सूज, दाबल्यावर वर न येणारी व रात्री वाढणारी ती कफाची, असा भेद चरकसंहितेच्या श्वयथुचिकित्सेत केलेला आहे.

हे पाणी येते कोठून? पांझरेवरील फडांचे पाट ज्यांनी पाहिले आहेत त्यांना हे समजावयास वेळ लागणार नाही. पाटातून थोडे पाणी नेहमीच पाझरते, आणि ते पाझरणे जमिनीला हवेच असते. रक्ताच्या सूक्ष्म वाहिन्यांतूनही तसेच पाणी पाझरते. त्यातील बरेचसे रक्तातील प्रथिने ओढून धरतात, उरलेले लसीकावाहिन्या परत नेतात. हा हिशेब इंग्रज शास्त्रज्ञ स्टार्लिंग याने १८९६ मध्ये मांडला. पुढे पाणी तुंबले, म्हणजे हृदय दुबळे झाले, की पाझर वाढतो. यकृताने प्रथिने बनविली नाहीत किंवा मूत्रपिंडातून ती वाहून गेली, तरी पाणी बाहेरच राहते.

आषाढी एकादशीला पिंप्राळ्याच्या रथाबरोबर दिवसभर उभे राहिलेल्यांचे, मुक्ताईच्या पालखीबरोबर पंढरीची वाट चालणाऱ्यांचे, किंवा आपल्या वैशाखाच्या उन्हात नुसते दुकानात बसणाऱ्यांचेही पाय संध्याकाळी सुजतात. पाय उंचावर ठेवून झोपले की सकाळपर्यंत ती सूज बहुधा उतरते. तिची चिंता नको. परंतु दोन्ही पाय सुजून दम लागत असेल, सकाळी उठताच डोळ्यांभोवती सूज दिसत असेल, किंवा एकच पोटरी एकाएकी सुजून दुखू लागली असेल, तर आंबेहळद उगाळीत बसू नये. पोटरीच्या शिरेत रक्ताची गुठळी झालेली असू शकते, आणि ती फुप्फुसात गेली तर प्राणावर बेतते. शेजाऱ्याची 'पाण्याची गोळी' उसनी आणून घेणे हा तर निव्वळ अविचार. दुखणे थांबविणाऱ्या गोळ्यांनी शरीरात मीठ-पाणी साठून सूज उलट वाढू शकते. रक्तदाबावरील अम्लोडिपिनसारख्या औषधानेही कित्येकांचे पाय सुजतात. अशा वेळी गोळी आपल्या मनाने बंद न करता ती देणाऱ्या डॉक्टरांना दाखवावे, ते बदलून देतात.

मराठीत 'सूज म्हणजे बाळसे नव्हे' असे म्हणतात. आपण हे वचन राजकारणात, व्यापारात वापरतो. त्याचा मूळ अर्थ मात्र अक्षरशः खरा आहे. सातपुड्यात, १९९८ पर्यंत धुळे जिल्ह्यात असलेल्या आणि आता नंदुरबारात मोडणाऱ्या धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांवर, कुपोषणाचा प्रश्न जुना आहे. अशा भागातील एखादे उपाशी मूल गुबगुबीत दिसू लागते. आई समाधानाने म्हणते, पोराने अंग धरले. तराजूवरही वजन वाढलेले दिसते, कारण पाण्यालाही वजन असते. म्हणून अंगणवाडीत मूल तपासताना नुसते वजन घेऊन किंवा दंडाचा घेर साडेअकरा सेंटिमीटरांहून कमी आहे का एवढेच पाहून थांबत नाहीत. दोन्ही पावलांवर अंगठ्याने तीन सेकंद दाबून पाहतात. दोन्हीकडे खळगा राहिला, तर ते मूल तीव्र कुपोषित धरून, वजनाचा आकडा काहीही सांगो, तत्काळ उपचारासाठी पाठवावयाचे असते.