आफ्रिकेला निघालात? पिवळं कार्ड लागतंच, पण खरी गाठ मलेरियाशी आहे

केनिया, युगांडा, इथिओपिया, नायजेरिया, काँगो ही नावं आता साखर पट्ट्यातल्या गावांना नवी राहिलेली नाहीत. कुणाचा भाऊ तिकडच्या साखर कारखान्यात पॅनमन आहे, कुणाचा जावई फिटर, कुणाचा पोरगा फुलांच्या पॉलिहाऊसवर सुपरवायझर. बोअरवेलच्या गाड्यांवर जाणारेही आहेत. कॉल आला की आठ-पंधरा दिवसांत निघायचं असतं. पासपोर्ट, व्हिसा, तिकीट, मेडिकल या धावपळीत आरोग्याची तयारी म्हणजे एक इंजेक्शन आणि एक पिवळं कार्ड, एवढंच अनेकांच्या डोक्यात असतं.

ते इंजेक्शन गरजेचं आहेच. पण ते फक्त एका आजाराचं आहे. आफ्रिकेत जाणाऱ्याला सगळ्यात जास्त धोका असतो तो मलेरियाचा. त्याचं कार्ड कुठल्याच विमानतळावर कुणी मागत नाही, म्हणून तो तयारीतून सुटून जातो. जाण्याआधी काय करायचं, तिथं काय सांभाळायचं आणि गावाला परत आल्यावर काय विसरायचं नाही, याची ही माहिती.

पिवळं कार्ड म्हणजे काय?

पिवळा ताप, म्हणजे यलो फिव्हर, हा विषाणूमुळे होणारा आजार आहे. आफ्रिका आणि दक्षिण अमेरिकेच्या उष्ण भागात तो आढळतो. एडिस जातीचा डास चावल्यावर ३ ते ६ दिवसांत ताप, डोकेदुखी, पाठदुखी, उलट्या सुरू होतात. बरेच जण यातून बरे होतात. थोड्या रुग्णांमध्ये मात्र आजार उलटतो, कावीळ होते, रक्तस्राव होतो. अशा गंभीर रुग्णांपैकी जवळपास निम्मे ७ ते १० दिवसांत दगावतात. या विषाणूवर खास औषध नाही. उपाय म्हणजे आधीच घेतलेली लस.

भारतात हा आजार नाही, पण तो पसरवणारा डास आहे. आपल्याकडं डेंग्यू पसरवतो तोच हा डास. बाहेरून एक जरी रुग्ण आला तर इथं साथ सुरू होऊ शकते, म्हणून भारताचे नियम कडक आहेत. पिवळ्या तापाच्या देशातून येणाऱ्याकडं वैध कार्ड नसेल तर त्याला ६ दिवसांपर्यंत वेगळं ठेवता येतं.

ही भीती उगाच नाही. २०१६ मध्ये अंगोलात पिवळ्या तापाची मोठी साथ आली. तिथं कामाला गेलेले, लस न घेतलेले ११ चिनी कामगार तो आजार घेऊन चीनमध्ये परतले. आशिया खंडात हा आजार बाहेरून आल्याची ती पहिलीच नोंद होती. पुढं साथ पसरली नाही, पण कामासाठी गेलेला माणूसच आजार घरी आणू शकतो हे जगाला कळलं.

जाताना कुणी विचारलं नाही, तरी येताना विचारतात

इथं अनेकांची गफलत होते. युगांडा, घाना, अंगोला, काँगो असे देश येणाऱ्या सगळ्यांकडंच कार्ड मागतात. केनिया, इथिओपियासारखे देश मुख्यतः पिवळ्या तापाच्या देशांतून येणाऱ्यांना विचारतात. भारत त्या यादीत नाही, त्यामुळं मुंबईहून थेट गेलेल्याला तिथं कदाचित कुणी काही विचारणार नाही. पण तोच माणूस सुट्टीला परत येतो तेव्हा भारतात कार्ड मागितलं जातं. म्हणून 'आमच्या देशात लागत नाही' असं एजंटानं सांगितलं तरी लस घेऊनच निघावं. विमान बदलण्यासाठी मधे दुसऱ्या आफ्रिकी देशात थांबायचं असेल, तर तिथला नियमही विचारून घ्यावा.

लस कुठं आणि कधी?

ही लस तालुक्याच्या रुग्णालयात किंवा कुठल्याही खासगी दवाखान्यात मिळत नाही. केंद्र सरकारनं मान्यता दिलेल्या केंद्रातच ती घ्यावी लागते, तरच कार्ड चालतं. राज्यात मुंबई, पुणे, नागपूर अशा शहरांत ही केंद्रं आहेत. मुंबईत विमानतळ आरोग्य संघटनेकडंही सोय आहे. चालू यादी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाच्या संकेतस्थळावर पाहता येते. लसीची एक कुपी उघडली की काही तासांतच संपवावी लागते, म्हणून अनेक ठिकाणी आधी नोंदणी करून ठरावीक दिवशीच बोलावतात. गावाहून एसटीनं निघण्याआधी दिवस, वेळ आणि लस शिल्लक आहे का, हे विचारून घ्यावं. सोबत मूळ पासपोर्ट लागतो.

लक्षात ठेवायच्या गोष्टी अशा :

- लस घेतल्यावर कार्ड १० दिवसांनी वैध होतं. आज लस आणि परवा विमान, असं चालत नाही.
- एकच डोस पुरतो. ११ जुलै २०१६ पासून हे कार्ड आयुष्यभरासाठी वैध मानलं जातं. आधीच्या कार्डावर १० वर्षांची मुदत लिहिलेली असली तरी ते चालतं.
- कार्डावरचं नाव आणि पासपोर्ट नंबर पासपोर्टशी जुळतो का, हे केंद्रातच तपासून घ्यावं. सही आणि शिक्का पाहावा.
- ९ महिन्यांच्या आतलं बाळ, अंड्याची तीव्र ॲलर्जी असलेले, कॅन्सरचे उपचार किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं सुरू असलेले, गरोदर महिला आणि ६० वर्षांवरील व्यक्ती यांनी आधी डॉक्टरांना सगळं सांगावं. यातल्या काहींना ही लस देत नाहीत, काहींना धोका तोलूनच देतात.
- ही जिवंत विषाणूची लस आहे. गोवरासारखी दुसरी जिवंत लस घ्यायची असेल तर दोन्ही एकाच दिवशी, नाहीतर मधे किमान ४ आठवड्यांचं अंतर ठेवून घेतात.

पैसे देऊन तयार कार्ड मिळवून देतो म्हणणारे भेटतात. तसलं कार्ड पकडलं गेलं तर परदेशात अडचण होते. नाही पकडलं तरी अंगात लस गेलेलीच नसते, आणि डास काही कार्ड पाहून चावत नाही.

मलेरियाचं कार्ड नाही, म्हणून विसरू नये

आता मुख्य मुद्दा. २०२२ मध्ये जगात मलेरियानं अंदाजे ६ लाख ८ हजार माणसं दगावली. त्यातले सुमारे ९५ टक्के मृत्यू आफ्रिकेतले. तिथला बहुतांश मलेरिया फाल्सिपेरम प्रकारचा आहे. तो मेंदू, मूत्रपिंड, फुप्फुसांवर जातो आणि उपचारांना उशीर झाला तर एक-दोन दिवसांत माणूस अत्यवस्थ होतो.

'आपल्याकडंही मलेरिया आहेच की, आपल्याला सवय आहे' असं बोललं जातं. हे खरं नाही. तिथले मोठे लोक लहानपणापासून पुन्हा पुन्हा मलेरिया होऊन थोडीफार प्रतिकारशक्ती कमावतात. आपल्या माणसाकडं ती नसते. म्हणून तिथला कामगार दोन दिवसांत उठून पाळीवर येतो आणि त्याच मलेरियानं आपला माणूस आयसीयूत जातो. ही शक्ती टिकाऊही नसते. बरीच वर्षं तिथं राहिलेला माणूस लांब सुट्टी काढून परत गेला तरी त्याला पुन्हा नव्या माणसासारखाच धोका असतो.

ठिकाणानंही फरक पडतो. नैरोबी, आदिस अबाबा ही शहरं उंचावर आहेत, तिथं मलेरिया फारसा नाही. पण ऊस उंचावर नसतो. व्हिक्टोरिया सरोवराच्या बाजूचा पश्चिम केनिया, युगांडातला जिंजाजवळचा काकिरा आणि लुगाझीचा ऊस पट्टा, इथिओपियातलं अवाश नदीचं खोरं, हे सगळे मलेरियाचे भाग आहेत. ऑफिस नैरोबीला आहे म्हणून निर्धास्त राहू नये, मुक्काम कुठं आहे ते पाहावं.

मलेरिया टाळण्यासाठी प्रवाशांना गोळ्या देतात. मुख्य तीन प्रकार आहेत :

- डॉक्सिसायक्लिन : रोज एक. जाण्याच्या एक-दोन दिवस आधी सुरू, परत आल्यावर ४ आठवडे चालू. उन्हात कातडी भाजल्यासारखी होऊ शकते.
- मेफ्लोक्विन : आठवड्यातून एक. दोन-तीन आठवडे आधी सुरू, परत आल्यावर ४ आठवडे चालू. फिट येणाऱ्यांना किंवा मानसिक आजार असणाऱ्यांना देत नाहीत.
- ॲटोव्हाक्वोन-प्रोग्वानिल : रोज एक. एक-दोन दिवस आधी सुरू, परत आल्यावर ७ दिवस चालू. महाग पडते.

कुठली गोळी, किती दिवस, हे डॉक्टरच ठरवतील. दोन-तीन वर्षांसाठी जाणाऱ्यांनी तर मुक्कामाचा काळ सांगूनच सल्ला घ्यावा. मित्रानं घेतली म्हणून आपणही घेऊ नये. आणि आपल्याकडं पूर्वीपासून माहीत असलेली क्लोरोक्विन तिथल्या फाल्सिपेरमवर भरवशाची राहिलेली नाही.

गोळी घेतली तरी डास टाळावाच लागतो. मलेरियाचा ॲनोफिलीस डास संध्याकाळपासून पहाटेपर्यंत चावतो, म्हणजे रात्रपाळीवाल्यांना जास्त. पूर्ण बाह्यांचे कपडे, अंगाला डास पळवणारं मलम आणि झोपताना औषध लावलेली मच्छरदाणी, एवढं तरी करावंच. पिवळ्या तापाचा आणि डेंग्यूचा डास दिवसा चावतो, म्हणून दिवसाही सैल सोडून चालत नाही.

बाकीच्या लसी आणि पाणी

निघण्याच्या ६ ते ८ आठवडे आधी डॉक्टरांना भेटलं तर सगळं निवांत होतं. टायफॉइड, हिपॅटायटिस ए आणि बी, धनुर्वाताचा बूस्टर यांबद्दल विचारावं. हिपॅटायटिस बीचे तीन डोस ६ महिन्यांत पूर्ण होतात, म्हणून परदेशी नोकरीचा विचार सुरू झाला की तेव्हाच सुरुवात करावी. सेनेगलपासून इथिओपियापर्यंतच्या पट्ट्यात कोरड्या दिवसांत, साधारण डिसेंबर ते जून, मेंदूज्वराच्या साथी येतात. तिकडं जाणाऱ्यांनी मेनिंगोकॉकल लस विचारून घ्यावी. शुगर, बीपीच्या गोळ्या पुरेशा न्याव्यात, सोबत डॉक्टरांची चिठ्ठी ठेवावी.

पाणी उकळूनच प्यावं, हे सगळ्यांना ठाऊक आहे. पण एक गोष्ट आपल्याकडच्या माणसाला कुणी सांगत नाही. विहिरीत, कालव्यात, नदीत पोहण्याची आपल्याला लहानपणापासून सवय. आफ्रिकेतल्या सरोवरांत, तळ्यांत, उसाच्या पाटाच्या पाण्यातही गोगलगाईंमुळं बिल्हार्झिया नावाचा आजार असतो. त्याच्या बारीक अळ्या पाण्यात उतरलेल्या माणसाच्या कातडीतून आत शिरतात. पाणी प्यायलंच पाहिजे असं नाही, पाय भिजले तरी पुरे. पुढं लघवीतून किंवा शौचातून रक्त जातं, यकृत आणि मूत्राशय खराब होतं. म्हणून तिथं उघड्या पाण्यात पोहणं, कपडे धुणं टाळावं. पाण्यात काम करणं भागच असेल तर गमबूट घालावेत. यावर गोळीचा उपचार आहे, पण तपासणी व्हायला हवी.

परत आल्यावरचा ताप

सगळ्यात मोठी चूक होते ती इथं. माणूस सुट्टीला गावी येतो. लग्न, जत्रा, शेतीची कामं सुरू असतात. दोन-तीन आठवड्यांनी थंडी वाजून ताप येतो. हवामान बदलल्यानं आला म्हणून दोन दिवस अंगावर काढतो. मग जवळच्या दवाखान्यात सलाईन लागते. रक्तात पेशी कमी दिसल्या की डेंग्यू समजला जातो, डोळे पिवळे दिसले की काविळीचं गावठी औषध शोधायला माणसं धावतात. पण पेशी मलेरियातही कमी होतात आणि डोळे गंभीर मलेरियातही पिवळे होतात. या गडबडीत जे दोन-तीन दिवस जातात, तेच जीवघेणे ठरू शकतात.

म्हणून आफ्रिकेतून आल्यावर निदान ३ महिने एवढं पाळावं :

- ताप आला की त्याच दिवशी मलेरियाची रक्ततपासणी करावी. प्राथमिक आरोग्य केंद्रात ती मोफत होते.
- डॉक्टरांना विचारायची वाट न पाहता 'मी अमुक देशातून अमुक तारखेला आलोय' हे पहिल्यांदा सांगावं. गावातल्या डॉक्टरांना ते आपोआप कळणार नाही.
- पहिली तपासणी निगेटिव्ह आली आणि ताप हटला नाही, तर १२ ते २४ तासांत पुन्हा तपासणी करावी.
- बडबड, गुंगी, झटके, धाप, लघवी कमी किंवा काळपट होणं, डोळे पिवळे होणं यातलं काहीही दिसलं तर वेळ न घालवता मोठ्या रुग्णालयात न्यावं.
- मलेरियाच्या गोळ्यांचा उरलेला कोर्स घरी आल्यावर बंद करू नये.
- ताप असलेल्यानं मच्छरदाणीत झोपावं. आपल्याकडंही ॲनोफिलीस डास आहे, त्याच्यामार्फत घरात आणि वस्तीत मलेरिया पसरू शकतो.

हे घरच्यांनाही माहीत असावं. ताप डोक्यात गेल्यावर आजारी माणूस स्वतः काही सांगण्याच्या स्थितीत नसतो. अशा वेळी 'हा आफ्रिकेतून आलाय, मलेरिया बघा' हे वाक्य बायकोनं, आईनं किंवा भावानं डॉक्टरांपुढं बोलायचं असतं.