लकवा ओसरला, बीपी तिथंच आहे

वस्तीत लकवा येऊन गेलेलं माणूस भेटलं की आम्ही आधी विचारतो, गोळी चालू आहे का? "होती, आता बरं वाटतंय म्हणून सोडली," हे उत्तर गंगाखेड-सोनपेठकडेही ऐकलं आणि परभणीतही. हात उचलू लागला, पायात बळ आलं, की घरच्यांना आजार संपला असं वाटतं. पण ज्या बीपीनं मेंदूतली रक्तवाहिनी तुंबली किंवा फुटली, ते अजून अंगात असतं. ते दुखत नाही. वरचा आकडा १८० असतानाही माणूस नीट चालतं-बोलतं. म्हणून कसं वाटतंय यावर जाऊ नका, मोजा.

मोजण्याआधी अर्धा तास चहा-तंबाखू नको. पाच मिनिटं पाठ टेकून गप्प बसायचं, हात छातीच्या उंचीला टेकवायचा. लकव्याच्या हातावर आकडा चुकू शकतो, पट्टा चांगल्या हाताला बांधा. आकडा तारखेसह वहीत लिहा. लकव्यानंतर बहुतेकांचं बीपी १३०/८० च्या खाली असलेलं बरं. सतत १४०/९० च्या वर राहत असेल तर औषध बदलावं किंवा वाढवावं लागतं. ते डॉक्टरांनी ठरवायचं, पण वही तुम्ही दाखवायची. विहारात वर्गणीतून एक मशीन घेतलं तर वंदनेनंतर सगळ्यांचंच मोजून होईल.

गोळ्या तुटतात त्या बहुतेक दसऱ्याच्या सुमारास. कुणी दीक्षाभूमीला जाताना घरी विसरतं, कुणी टोळीबरोबर ऊसतोडीला जातं. निघण्याआधी सरकारी दवाखान्यातून जास्त दिवसांच्या गोळ्या मागून घ्या. रिकामं पाकीट फेकू नका, कारखान्याजवळच्या दवाखान्यात तेच दाखवता येतं. आणि कंबर दुखली म्हणून दुकानातून घेतलेली डायक्लोफेनॅकची गोळी बीपी वाढवते, हे टोळीत कुणी सांगत नाही.

मीठ दिवसाला माणशी एक छोटा चमचा, लोणचं-पापड धरून. मीठ-मिरचीशी भाकरी खाऊन वाढलेल्या आम्हाला हे सांगताना जड जातं, पण सांगावं लागतं.

तोंड वाकडं झालं, हात लुळा पडला, बोलणं बोबडं झालं तर लगेच १०८ ला फोन करा. पाणी पाजू नका. ॲस्पिरिनही देऊ नका, कारण गाठ आहे की रक्तस्राव हे सीटी स्कॅनशिवाय कळत नाही. गाठ विरघळवण्याचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं. त्रास किती वाजता सुरू झाला ते लक्षात ठेवा, दवाखान्यात तेच आधी विचारतात.